डॉक्टरांनी लिहिलं ‘मॉर्बिड ओबेसिटी’, बीएमआय ३२.४. मग कोड कोणता?

प्रश्न असा आहे: ‘मी बीएचएमएस आहे. नाशिकला घरूनच अमेरिकन आउटपेशंट (भरती न होता तपासून जाणाऱ्या रुग्णांचे) चार्ट कोड करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना बिलासाठीचे ठरावीक कोड देते. एका व्हिजिटमध्ये डॉक्टरांनी असेसमेंटखाली “मॉर्बिड ओबेसिटी” लिहून आहार आणि व्यायामाचा सल्ला दिला आहे. त्याच दिवशीच्या व्हायटल्समध्ये बीएमआय ३२.४ आहे. मॉर्बिड म्हणायला हा आकडा पुरेसा नाही, म्हणून मी ई६६.९ (ओबेसिटी, प्रकार न सांगितलेली) दिला. क्यूएने (कोडिंग तपासणाऱ्यांनी) ती चूक धरली. टीममध्ये दोन तट पडलेत. काही म्हणतात, डॉक्टरांनी लिहिलंय ना, ई६६.०१ (मॉर्बिड ओबेसिटीचा कोड) द्यायचा आणि पुढे जायचं. बाकीचे म्हणतात, ऑडिटमध्ये पकडलं जाईल. नक्की काय करायचं?’

आधी थेट उत्तर. ई६६.९ द्यायला नको होता. ई६६.०१ डोळे मिटून द्यायलाही नको होता. आधी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, जायला हवी होती.

डॉक्टरांनी एक निदान लिहिलं. तुम्ही बीएमआय पाहिलात, ‘हे मॉर्बिड नाही, साधी ओबेसिटी आहे’ असं ठरवलंत आणि कोड बदललात. हे ठरवणं म्हणजे निदान करणं. ते बरोबर ठरलं असतं तरी ते तुमचं काम नव्हतं. ऑक्टोबर २०२४ पासून ओबेसिटीचे वर्गवार कोड आलेत, त्यांनाही हेच लागू आहे. बीएमआय ३२.४ म्हणजे वर्ग १, म्हणून ई६६.८११ द्यावा असं कोणी सुचवलं तर तेही चालणार नाही, कारण ‘वर्ग १’ हे शब्द डॉक्टरांनी लिहिलेले नाहीत.

याचा आधार आयसीडी-१०-सीएमच्या (अमेरिकेतल्या निदान-कोडांच्या यादीच्या) अधिकृत गाइडलाइन्समध्ये पहिल्या सेक्शनच्या ए भागात १९ व्या क्रमांकावर आहे. हा परिच्छेद १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झाला. तो सांगतो की रुग्णाला अमुक आजार आहे हे प्रोव्हायडरचं (उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं) विधान कोड देण्यासाठी पुरेसं आहे, आणि ते निदान कोणत्या निकषांवर केलं यावर कोड ठरत नाही. तुमच्यातल्या पहिल्या तटाचं म्हणणं इथून येतं. पण त्याच परिच्छेदात पुढे आणखी एक वाक्य जोडलं गेलं: नोंदी परस्परविरोधी असतील तर प्रोव्हायडरला विचारा. पहिला तट हे शेवटचं वाक्य वाचत नाही आणि दुसरा तट पहिलं वाचत नाही.

इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात. निदान लिहिलं आहे का, हा कोडिंगचा प्रश्न. लिहिलेल्या निदानाला चार्टमधल्या पुराव्याचा आधार आहे का, हा क्लिनिकल व्हॅलिडेशनचा. पहिल्याचं उत्तर तुम्ही देता. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही, पण तो प्रश्न उभा राहिलाय हे सांगणं तुमच्याकडूनच अपेक्षित आहे. आकड्याचं काम शंका उभी करणं एवढंच. त्या शंकेवरून कोड बदलायचा नाही, विचारायचं.

मी हे इतकं ठासून सांगतोय, कारण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नाशिकच्या मुलामुलींत बीएचएमएस, बीएएमएस आणि बी.फार्म झालेले पुष्कळ आहेत, आणि ही घसरण नेमकी त्यांची होते. ज्याला शरीरशास्त्र कच्चं आहे तो आकड्याकडे बघतच नाही. ज्याला येतं तो बघतो आणि निर्णय देऊन मोकळा होतो. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी तुमच्याकडे आहे, पण त्या चार्टमधल्या रुग्णाला तुम्ही तपासलेलं नाही. ते ज्ञान वाया जात नाही, ते क्वेरीत उतरवायचं असतं. चांगली क्वेरी तुमच्यासारखीच व्यक्ती लिहू शकते.

आता ‘आकडा जुळत नाही म्हणजे निदान खोटं’ हे गृहीतक तपासू या. ते पुष्कळदा चुकतं.

सगळ्यात साधं कारण म्हणजे उपचार. एचबीएवनसी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर) ५.९ आहे, डॉक्टरांनी ‘टाइप २ डायबिटीस’ लिहिलंय आणि रुग्ण मेटफॉर्मिनवर आहे. इथे विरोध कुठेच नाही, गोळी काम करतेय एवढंच. ॲम्लोडिपिनवर असलेल्या रुग्णाचं बीपी १२२/७६ आलं म्हणून आय१० (हायपरटेन्शनचा कोड) काढून टाकणारे कोडर मी पाहिलेत. वजनाचंही आता तसंच होऊ लागलंय. सेमाग्लुटाइडसारखी औषधं घेणाऱ्याचा बीएमआय वर्षभरात ४१ वरून ३४ वर येऊ शकतो आणि डॉक्टर जुनंच निदान पुढे चालू ठेवतात. ते तसं ठेवावं का, हा प्रश्न खरा आहे. पण त्याला वैद्यकीय बाजू आहे आणि ती डॉक्टरांनीच लिहायची आहे. म्हणून क्वेरी पाठवण्याआधी औषधांची यादी आणि आधीच्या व्हिजिट वाचायच्या. निम्म्या शंका तिथेच मिटतात.

दुसरं कारण म्हणजे आकडाच चुकलेला असणं. उंची ५ फूट ४ इंच, वजन १८० पौंड, तर बीएमआय येतो ३०.९. तेच १८० किलोच्या रकान्यात पडले की बीएमआय ६८ होतो. उंची वर्षानुवर्षं मागच्या व्हिजिटवरून ओढली जाते. जलोदर किंवा अंगावर सूज असेल तर वजन पाण्याचं असतं. पाय कापलेल्या रुग्णाचा बीएमआय नेहमीच्या सूत्राने काढला तर दिशाभूल करतो. तुमच्या चार्टमध्ये उंची-वजन दोन्ही आहेत का? असतील तर गणित स्वतः करून बघा. त्यावरून कोड द्यायचा नाही, पण क्वेरीत नेमकं काय लिहायचं ते कळेल.

तिसरं, निकषच एकापेक्षा जास्त असणं. ‘मॉर्बिड’ म्हणजे ४० आणि त्यावर, किंवा सहव्याधी असतील तर ३५ आणि त्यावर, ही रेघ १९९१ च्या अमेरिकेतल्या बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेच्या सहमती-निवेदनातून रूढ झाली. २०२२ मध्ये त्या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी शस्त्रक्रियेच्या शिफारशी बदलल्या आणि आशियाई लोकांसाठी उंबरठे खाली आणले. आपल्याकडे तर २५ च्या पुढे ओबेसिटी धरण्याचा भारतीय सहमतीचा निकष आहे. त्यामुळे इथे शिकलेल्या कोडरच्या डोक्यात एक आकडा असतो आणि अमेरिकन चार्टमागे दुसरा. रुग्ण दक्षिण आशियाई वंशाचा असेल तर डॉक्टरांनी काय विचार केला, हे तुम्हाला चार्टवरून कळणार नाही. ३२.४ ला मॉर्बिड म्हणणं तरीही कोणत्याही प्रचलित रेघेत सहज बसत नाही, म्हणून क्वेरी हवीच. पण ‘डॉक्टर चुकले’ असा सूर तिच्यात नको.

आता उलट दिशा, कारण तिथेही तेवढ्याच चुका होतात. बीएमआय ४१.२ आहे आणि डॉक्टरांनी वजनाबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. काही कोडर झेड६८.४१ (बीएमआयचा कोड) देऊन टाकतात. बीएमआयचा आकडा नर्स किंवा डाएटिशियनच्या नोंदीतून घेता येतो, पण त्याच्याशी जोडलेलं निदान, ओबेसिटी किंवा तसंच काही, प्रोव्हायडरचंच असलं पाहिजे. ते नसेल तर बीएमआयचा कोड एकटा जात नाही. प्रेशर अल्सरची स्टेज, कोमा स्केल, स्ट्रोकचा एनआयएच स्कोअर यांनाही हीच सवलत आणि हीच अट आहे. बाकी कुठेही आकड्यावरून निदान बनत नाही. बीपी १६२/१०० म्हणजे हायपरटेन्शन नाही. सोडियम १२९ म्हणजे हायपोनॅट्रेमिया नाही. हॉस्पिटलच्या चार्टमध्ये असामान्य रिपोर्टवर डॉक्टरांनी आणखी तपासण्या सांगितल्या किंवा औषध दिलं असेल, तर ते निदान म्हणून जोडायचं का असं त्यांना विचारणं योग्य आहे, असं गाइडलाइन्सच्या तिसऱ्या सेक्शनमध्ये म्हटलंय. तिथेही सांगितलंय ते विचारायलाच.

किडनीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण रिस्क ॲडजस्टमेंटच्या (रुग्णांच्या आजारांनुसार विमा योजनेचे पैसे ठरवण्याच्या) चार्टमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. डॉक्टर लिहितात ‘सीकेडी स्टेज ४’ (किडनीचा जुनाट आजार, चौथी पायरी), ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा आकडा) आहे ३८. टेबल पाहिलं तर ३८ म्हणजे ३बी, कारण स्टेज ४ म्हणजे १५ ते २९. कोडर एन१८.३२ देतो आणि आपण बरोबर केलं असं समजतो. पण सीकेडी ही एका रिपोर्टची गोष्टच नाही. बिघाड ३ महिन्यांहून जास्त टिकला तरच तो क्रॉनिक म्हणायचा, आणि स्टेज स्थिर स्थितीतल्या आकड्यांवर ठरते. मागचे तीन रिपोर्ट २६, २८, २७ असतील आणि सलाइननंतर एकदाच ३८ आलं असेल, तर डॉक्टरांची स्टेज ४ बरोबर असू शकते. याच्या उलट, उलट्या-जुलाबांनी ॲक्युट किडनी इन्ज्युरी होऊन ईजीएफआर तात्पुरता २२ वर घसरला असेल, तर ते स्टेज ४ नव्हेच. शिवाय २०२१ मध्ये ईजीएफआरचं सूत्रच बदललं, वंशाचा गुणक काढला गेला. तेच क्रिएटिनिन आज वेगळा ईजीएफआर देतं, त्यामुळे जुने आणि नवे रिपोर्ट शेजारी ठेवताना सांभाळावं लागतं. डॉक्टरांनी नुसतं ‘सीकेडी ३’ लिहिलं असेल आणि ईजीएफआर ५२ असेल, तर ‘३ए’ आपण जोडायचं नाही. एन१८.३० द्यायचा आणि पद्धत असेल तर विचारायचं.

एकाच नोटमध्ये असेसमेंटला ‘सीकेडी ३बी’ आणि प्रॉब्लेम लिस्टमध्ये ‘सीकेडी ४’ असणं हा विरोध आणखी वेगळा. इथे डॉक्टरांची दोन विधानं एकमेकांना छेद देतात, आकड्याचा वाद नंतरचा. बहुतेक वेळा प्रॉब्लेम लिस्ट जुनी, पुढे ढकललेली असते. पण ‘बहुतेक वेळा’वर कोड देता येत नाही. हॉस्पिटलमध्ये दोन डॉक्टरांची विधानं वेगळी असतील, तर अंतिम शब्द अटेंडिंगचा (रुग्णाची मुख्य जबाबदारी असलेल्या डॉक्टरांचा) आणि विचारायचंही त्यांनाच.

तुम्ही आज आउटपेशंट करताय, उद्या इनपेशंटकडे जाल, तेव्हा सेप्सिस आणि कुपोषण ही दोन ठिकाणं आत्ताच लक्षात ठेवा. सेप्सिसची जुनी व्याख्या संसर्ग अधिक एसआयआरएसचे (शरीरभर दाह दाखवणाऱ्या लक्षणांचे) चारपैकी दोन निकष अशी. २०१६ मध्ये सेप्सिस-३ आलं आणि सोफा स्कोअरमध्ये (अवयव किती बिघडले याच्या गुणांमध्ये) किमान २ ची वाढ हवी असं ठरलं. मेडिकेअरचं (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याचं) सेप्सिसचं गुणवत्ता-मोजमाप मात्र अजून जुन्या धाटणीचं आहे. हॉस्पिटल एक व्याख्या धरतं, विमा कंपनी दुसरी धरून डिनायल पाठवते. न्यूमोनियाचा डीआरजी (हॉस्पिटलला किती पैसे मिळणार हे ठरवणारा गट) १९३ ते १९५ आणि सेप्सिसचा ८७१-८७२ यांच्या पैशांत मोठा फरक असतो, म्हणून भांडण होतं. यात कोणती व्याख्या खरी हे कोडरने ठरवायचं नाही. डॉक्टरांनी सेप्सिस लिहिलं आणि लॅक्टेट, ताप, पांढऱ्या पेशी सगळं ठीक दिसतंय, तर चार्ट क्लिनिकल व्हॅलिडेशनकडे पाठवायचा.

कुपोषणाचं प्रकरण तर सरकारी अहवालात आहे. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने जुलै २०२० मध्ये गंभीर कुपोषणाच्या ई४१ आणि ई४३ या दोन कोडांचा अहवाल दिला. तपासलेल्या २०० क्लेमपैकी १७३ चुकीचे निघाले आणि त्यावरून जादा गेलेली रक्कम अंदाजे १ अब्ज डॉलर काढली गेली. हे वाचून काही कोडर दुसऱ्या टोकाला गेले. बीएमआय २७ आहे, मग कुपोषण कसं, असं म्हणून कोड गाळू लागले. २०१२ पासून वापरात असलेले निकष आहार किती कमी झाला, वजन किती उतरलं, चरबी आणि स्नायू किती झिजले, सूज, हाताच्या पकडीची ताकद असे सहा आहेत आणि त्यातले दोन लागतात. जाड माणूसही कुपोषित असू शकतो. अल्ब्युमिनवरून कुपोषण ठरवणं तर कधीच मागे पडलंय. चार्टमध्ये डाएटिशियनची नोंद शोधा. ती नसेल तर विचारा.

आता तुमची क्वेरी. तिच्यात चार्टमधली वस्तुस्थिती जशीच्या तशी, स्थळ-तारखेसह यावी. साधारण अशी: ‘आजच्या असेसमेंटमध्ये मॉर्बिड ओबेसिटी अशी नोंद आहे. त्याच व्हिजिटच्या व्हायटल्समध्ये उंची १६५ सेंमी, वजन ८८.२ किलो, बीएमआय ३२.४ आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार रुग्णाच्या वजनासंबंधीचं निदान कृपया स्पष्ट करावं.’ खाली पर्याय: मॉर्बिड ओबेसिटी, तिच्या क्लिनिकल आधारासह. ओबेसिटी, वर्ग नमूद करून. अन्य निदान. ठरवता येत नाही. शेवटचे दोन पर्याय वगळू नका. त्यांच्यामुळे डॉक्टर तुम्ही आखलेल्या चौकटीत अडकत नाहीत. एखाद्या पर्यायाने पैसे वाढतात किंवा कमी होतात, हा एचसीसी (रिस्क ॲडजस्टमेंटमध्ये पैसे ठरवणारा आजार-गट) आहे, ऑडिटला लागेल, यातलं एक अक्षरही क्वेरीत येऊ नये. ‘बीएमआय ३२.४ असल्याने निदान बदलावे का?’ हेही नको. तो प्रश्न उत्तर आधीच सांगून मोकळा होतो. अमेरिकेतल्या कोडर आणि डॉक्युमेंटेशन तज्ज्ञांच्या संघटनांनी, अहिमा आणि ॲक्डिसने, क्वेरी कशी लिहावी याची संयुक्त मार्गदर्शिका दिली आहे, तिची २०२२ ची आवृत्ती मिळवून वाचा.

उत्तर आलं की ते नोटमध्ये दिसलं पाहिजे. फोनवर ‘हो हो, मॉर्बिडच’ असं कोणी म्हटलं, त्यावर कोड देऊ नका. डॉक्टरांनी आधारासह मॉर्बिड ओबेसिटी कायम ठेवली, तर ई६६.०१ द्यायचा, सोबत झेड६८.३२. आकडा झाकायचा नाही. उत्तरानंतरही आधार दिसत नसेल, तर चार्ट क्लायंटच्या एस्कलेशन पद्धतीने वर जातो, फिजिशियन ॲडव्हायझर असेल तर त्यांच्याकडे.

रिट्रोस्पेक्टिव्ह एचसीसी रिव्ह्यूमध्ये क्वेरीचा रस्ताच नसतो. चार्ट मागच्या वर्षीचा आणि डॉक्टर तुमच्या संपर्कात नाहीत. नाशिकमधून हे काम करणाऱ्यांची खरी कोंडी तिथे आहे. तिथे क्लायंटची लेखी गाइडलाइन हाच आधार. काही क्लायंट म्हणतात, लिहिलंय तसं कोड करा आणि फ्लॅग लावा. काही म्हणतात, विरोध असेल तर घेऊ नका. दोन्ही चालतात, पण लेखी हवं. लेखी नसेल तर टीम लीडकडून ईमेलवर मागून घ्या. मॉर्बिड ओबेसिटी मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या (खासगी कंपन्या चालवतात त्या मेडिकेअर योजनांच्या) जुन्या मॉडेलमध्ये एचसीसी २२ होती, नव्यात ४८ आहे, म्हणजे तिच्यावर पैसे अवलंबून आहेत. अमेरिकेच्या फॉल्स क्लेम्स ॲक्टमध्ये जाणूनबुजून केलेल्या खोट्या दाव्याबरोबरच बेफिकीर दुर्लक्षही ‘जाणून’ धरलं जातं. विरोध दिसला आणि कुठेच नोंदवला नाही, तर कंपनीकडे नंतर दाखवायला काही उरत नाही. आणि कोणत्याही क्लायंटच्या गाइडलाइनमध्ये दुसरंच निदान कोडरने स्वतः निवडून टाकण्याची मुभा मी पाहिलेली नाही.

नाशिकच्या हॉस्पिटलांमध्ये टीपीए (विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या) डेस्कवर बसणारेही मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. आपल्या क्लेमना अमेरिकन गाइडलाइन्स लागू नाहीत आणि इथे विमा कंपनीचा डॉक्टर स्वतः कागद तपासतो. पण पेच तोच. पावसाळ्यात डिस्चार्ज कार्डावर ‘डेंग्यू’, एनएस१ (डेंग्यूची रक्तचाचणी) निगेटिव्ह, प्लेटलेट १ लाख ४० हजार. लगेच ‘व्हायरल फीव्हर’ करून घ्या, म्हणजे क्वेरी येणार नाही, असा सल्ला फिरतो. तसं करू नका. एनएस१ तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत सापडतो, रुग्ण सहाव्या दिवशी आला असेल तर निगेटिव्ह येऊ शकतो आणि तेव्हा आयजीएम (अँटीबॉडीची चाचणी) बघायचं असतं. डॉक्टरांना विचारा, निदानाचा आधार कार्डावर दोन ओळींत लिहून घ्या, तापाचा कितवा दिवस हे त्यात येऊ द्या. निदान बदलायचं असेल तर तेच बदलतील आणि सही करतील.

परत तुमच्या चार्टकडे. क्यूएच्या शेऱ्यात फक्त ‘ई६६.०१ हवा होता’ एवढंच असेल, तर रिबटल (लेखी हरकत) टाका. पण ई६६.९ चा बचाव करू नका, तो टिकणार नाही. लिहा की कोड बदलणं चूक होतं हे मान्य आहे, मात्र सेक्शन १.ए.१९ नुसार परस्परविरोधी नोंदीवर क्वेरी अपेक्षित होती आणि या प्रोजेक्टमध्ये ती कोणी, कशी पाठवायची हे लेखी मिळावं. क्लेम अजून गेला नसेल तर आजच होल्डवर टाकायला सांगा. गेला असेल तर क्वेरीचं उत्तर आल्यावर दुरुस्त क्लेम पाठवायचा की नाही हे क्लायंट ठरवेल. त्यासाठी चार्ट नंबर आणि दोन्ही नोंदी टीम लीडला ईमेल करून ठेवा.